माणूस नसलेले फोटो

गणपती गेल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी मी कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घ्यायला बसते. बारा वर्षांत हा नेम चुकलेला नाही. मुंबईची मंडळी मुंबईला परतलेली असतात, घर आळसावलेलं असतं, उरलेल्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा हाताशी असतो. वायरीचं एक टोक कॅमेऱ्यात घालायचं, दुसरं संगणकात, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू भरताना बघत बसायचं. मधेच वीज गेली तर कपाळाला हात लावायचा आणि ती आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आमच्याकडे वीज जाते हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीय, वेळापत्रक म्हणून सांगतेय.

कॅमेरा शाळेच्या सहलींसाठी घेतलेला. मी तोंडवलीच्या बाजूला एका शाळेत शिकवते. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि माझ्या कॅमेऱ्याची घरात यथेच्छ थट्टा होते. होऊ दे. फोनमध्ये फोटो साठत जातात आणि कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घ्यावे लागतात, आणि उतरवले की निवडावे लागतात. ही निवडानिवड मला मनापासून आवडते. सुपात तांदूळ घेऊन बसावं तशी मी बसते. डोळे मिटलेले काढा, हललेले काढा, एकाच माणसाचे सात असतील तर सहा काढा. जागा मोकळी होते, मन मोकळं होतं. घरातले मला मागून ‘मास्तरीण’ म्हणतात ते काही उगाच नाही.

माझा एक नियम होता. ज्या फोटोत माणूस नाही तो फोटो ठेवायचा नाही. तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटक येतात आणि एकेक जण समुद्राचे शंभर फोटो काढून जातो. मी म्हणायची, अरे, समुद्र कुठे पळून चाललाय? माणसं जातात. काढायचे तर माणसांचे काढा. हे मी वर्गातही सांगत असे, मोठं काहीतरी शहाणपणाचं सांगितल्यासारखं.

आमच्या भावकीचा गणपती एकच. गावातल्या सामायिक घरात तो बसतो आणि पाच दिवस चाळीसेक माणसं तिथं जमतात. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगलेली असते, आत आडव्याउभ्या पट्ट्या असलेली. तिला आम्ही माटवी म्हणतो. एरवी वर्षभर ती रिकामी लोंबत असते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती सजवायची, आणि सजवायची म्हणजे रानातून आणलेल्या फळाफुलांनी. मधोमध नारळ. बाजूला तवसं, म्हणजे मोठी काकडी. सुपारीचा घड. कवंडळाची लाल फळं. शेरवडीच्या पांढऱ्या पानांचे डहाळे, हरण नावाच्या रोपाची पिवळी फुलं, तेरडा, आंब्याचे टाळ. हे सगळं केवणीच्या सालीच्या दोरानं बांधायचं. सुतळी चालत नाही, तार तर नाहीच. आणि कुठली वस्तू कुठल्या खणात, कुठल्या कोपऱ्यात, हे ठरलेलं असतं. कोणी ठरवलं ते ठाऊक नाही. पण आमच्या घरात ते पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच होता, माझे थोरले दीर.

भावोजींचं वय आता अठ्ठ्याहत्तर. उंच, काटक, मोजकं बोलणारे. बोलायला लागले की समोरच्यानं ऐकायचं, असा एकंदर करार. चाळीसहून जास्त वर्षं माटवी त्यांनीच बांधली. आदल्या दिवशी सकाळी कोयता घेऊन डोंगरात जायचे, दुपारी भारा घेऊन यायचे, आणि जेवून उठले की स्टुलावर चढायचे. त्यांचा मुलगा खाली उभा राहून एकेक वस्तू हातात द्यायचा. ‘आमकाय शिकवा’ असं कोणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं होतं, “बघून शिका.” आम्ही बघायचो, म्हणजे त्या दिशेला तोंड करून गप्पा मारायचो.

मी कॅमेरा घेतला त्या वर्षापासून त्यांचं नवीनच सुरू झालं. माटवी बांधून झाली की हात पुसत ते दारात येऊन उभे राहायचे.

“गो बाये, माटवेचो फोटो काढलंस?”

“काढलंय, भावोजी.”

“चारय कोपऱ्यांचो?”

“चारय.”

“खाली बसान, वयर बघून?”

“व्हय, व्हय.”

“मगे झालां,” असं म्हणून ते आंघोळीला जायचे.

मी खरंच काढायची. साडी सावरत सतरंजीवर बसायची, मान मागे टाकायची आणि प्रत्येक कोपऱ्याचा एकेक फोटो. त्यांना खोटं कधी सांगितलं नाही. आणि मग रविवारी, नेवरी खात, पडद्यावर ते पानाफुलांचे चार-पाच फोटो आले की मी ते पुसायची, संगणकातूनही आणि कॅमेऱ्यातूनही. त्यात माणूस नसायचा. दर वर्षी तेच नारळ, तीच पानं. पुढच्या वर्षी पुन्हा असणारच की, असा माझा हिशेब. बारा वर्षं मी हे केलं, आणि एकदाही हात अडखळला नाही.

यंदा चतुर्थीच्या दहाएक दिवस आधी, दुपारची वेळ होती. शाळेतून येऊन मी वह्या तपासत बसले होते. आमच्या खोल्या सामायिक घराच्या मागच्या अंगाला आहेत. भावोजी तिकडे कधी आलेच तर खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, हाक मारतात आणि खळ्यातूनच बोलून जातात. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. मी मान वर केली तर ते आत, टेबलापाशी उभे.

“कंप्युटर चालू आसा?”

“आसा. कित्याक?”

“असोच. जुने फोटो बघूया म्हटलां.”

मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बारा वर्षांच्या माझ्या निवडानिवडीचं कौतुक करायला शेवटी कोणीतरी आलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली, स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि पहिल्या वर्षापासून दाखवायला सुरुवात केली. आरतीचे फोटो, फुगड्यांचे, पंगतीचे, मुलांच्या दंग्याचे. तेव्हाची कडेवरची पोरं आता हायस्कुलात आहेत. दोन माणसं तर आता नाहीतच. मी सांगत होते, हसत होते. भावोजी हसत नव्हते. ते माणसांकडे बघतच नव्हते.

“माटवी खंय?” त्यांनी विचारलं.

मी पुढचं वर्ष उघडलं. मग त्याच्या पुढचं.

“भावोजी, मधी कंप्युटर बिघाडलो होतो,” मी म्हटलं. “तेच्यात थोडे फोटो गेले.”

“माटवेचेच?”

“थोडे.”

“सगळ्या वर्सांचे?”

“व्हय.”

चाळीस मुलांच्या थापा मी रोज तोंड बघून ओळखते. पण स्वतः थाप मारताना मला नीट वाक्य जुळवता आलं नाही. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, मग संगणकाकडे बघितलं आणि म्हणाले, “यंत्राचो काय भरवसो.” मला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

कागदावर माटवीची चौकट काढलेली होती, पट्टीनं, नीट. मधल्या खणात ‘नारळ’ लिहिलं होतं. आणखी तीन-चार खणांत नावं होती, त्यांतली काही खोडलेली, खोडून दुसरीकडे लिहिलेली, तिथूनही खोडलेली. बाकीचे खण रिकामे होते.

“रोज सकाळी उठान मनातल्या मनात बांधतंय,” ते म्हणाले. “नारळापासून सुरू करतंय. मधीच सुटता.”

गेल्या पावसात ते स्कूटर मालवणच्या बाजारात ठेवून एस.टी.नं घरी आले होते आणि त्यावरून आम्ही आठवडाभर हसलो होतो. तेही हसले होते. मला त्या हसण्याची आता लाज वाटली.

“डॉक्टराक दाखवलास?” मी विचारलं.

“दाखवलंय. गोळ्यो दिल्यान. वयाचां आसा म्हणता.” मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, “कोणाक सांगू नको. झिलाक पण नको, नि तुझ्या घोवाक पण नको. ह्या वर्सा माटवी नीट बांधूची आसा माका. मगे बघूया.”

मुलालाही सांगायचं नाही आणि माझ्या नवऱ्यालाही नाही. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांसारखे पाठांतर करायला ते माझ्याकडे आले होते, आणि पुस्तक मी जाळून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत संगणक दुरुस्त करायला एक माणूस येतो त्याला मी कॅमेऱ्यातलं कार्ड दाखवलं. पुसलेले फोटो परत येतात का? त्यानं बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, मॅडम, पुसलं की जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेवर नवीन फोटो बसतात. तुम्ही त्यावर वर्षानुवर्षं नवीन काढताय. जुनं खाली काही उरलेलं नाही. त्यानं समजावून सांगितलं ते मला आधीच समजलं होतं. तरी मी पुन्हा एकदा विचारलं.

त्या दुपारी भावोजी पुन्हा आले. मी त्यांना खरं सांगायचं ठरवून बसले होते. ते आले, बसले, म्हणाले, “काल एक ध्येनात इलां. त्या टकल्याचो फोटो काढ.” आणि खरं सांगायचं माझ्या ओठांवरून मागे गेलं.

टकला म्हणजे त्यांचे एक चुलतभाऊ. आरतीच्या फोटोत ते टाळ वाजवत उभे होते आणि त्यांच्या डोक्याच्या वर, फोटोच्या अगदी कडेला, पांढरं काहीतरी लोंबत होतं.

“ह्यां मोठां कर.”

मी मोठं केलं. मोठं केल्यावर चित्र फुटतं, ठिपके ठिपके होतात. पण पांढऱ्या पानांचा तो डहाळा ओळखू येत होता.

“शेरवड,” मी म्हटलं.

“शेरवड!” भावोजी खुर्चीत पुढे सरकले. “मगे तेच्या बाजूक हरणाची फुलां येतली. बघ, बघ, दुसऱ्या खंयच्या वर्साक बघ.”

आणि आमचं काम सुरू झालं. माटवीचा म्हणून एकही फोटो नव्हता, पण माणसांच्या डोक्यांवर, खांद्यांमागे, कडांना तिचे तुकडे होते. उंच माणूस असला की कॅमेरा थोडा वर जातो, मग कवंडळाची माळ मिळायची. पोरं खांद्यावर बसलेली असली की आणखी वरचं दिसायचं. एका वर्षी कोणीतरी शिंकलं होतं, माझा हात हलला होता, आणि तो हललेला फोटो मी चुकून ठेवला होता. त्यात तवसं आणि सुपारीचा घड एकाच ओळीत सापडले. मी पडद्यावर मोठं करायची, भावोजी नाव सांगायचे, मी कागदावर लिहायची. ते आठवून सांगत होते की बघून, हे मला कळत नव्हतं आणि मी विचारत नव्हते.

माणसं मात्र त्यांना लख्ख आठवत होती. ही त्या वर्षी रुसून आत बसली होती म्हणून दिसत नाही. हा पाय मोडून आला होता, बघ, काठी मागे लपवलीय. ती दोघं तेव्हा बोलत नव्हती, म्हणून फोटोत दोन टोकांना. ज्या माणसांसाठी मी सगळं ठेवलं होतं त्यांच्याविषयी फोटो न बघताही ते तासभर सांगू शकले असते. त्यांच्या डोक्यातून निसटत होतं ते नेमकं मी पुसलेलं. मी शांतपणे लिहीत होते, आणि आतून मला इतकं अपराधी वाटत होतं की एकदा चहा आणायच्या निमित्तानं आत जाऊन मी नुसतीच उभी राहिले.

“माका शिकवल्यानी तेव्हा बापाशीच्या हातात काठी होती,” एकदा ते म्हणाले. “चूक झाली काय बोटांर बसायची. मी ठरवलंय, आपल्या पोरांक असां शिकवूचा नाय. बघून शिकतली म्हटलंय.” मग म्हणाले, “काठी घेवक व्हयी होती बहुतेक.”

तीन दुपारींत कागद जवळजवळ भरला. भावोजी घरी तो पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणून दाखवायचे. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. चुकलं की मी “पुन्हा” म्हणायची, आणि ते मुकाट्यानं पुन्हा म्हणायचे. ज्या माणसासमोर मी सव्वीस वर्षं आवाज खाली ठेवून बोलले त्यांना मी “पुन्हा” म्हणत होते.

एक कोपरा मात्र राहिला. मागचा, डावीकडचा, भिंतीलगतचा. बारा वर्षांचे सगळे फोटो आम्ही चाळले. तिथं कोणी नाही.

“त्या कोपऱ्यात कोणच उभो रवना नाय काय गो?”

“थंय पंखो आसता, भावोजी.”

दर वर्षी तिथं उभा पंखा ठेवलेला असे. पंख्यापुढे कोण उभं राहणार? प्रत्येक फोटोत त्या बाजूला माणसांची रांग संपायची आणि माझा कॅमेराही तिथंच संपायचा. भावोजी हसले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना बघितलं.

“रवान दे. चवथ्या कोपऱ्याचां हाताक आठवतला. हात वयर गेलो काय हाताक सगळां आठवता.”

मी मान हलवली. माझा त्यावर विश्वास नव्हता. त्यांचाही नसावा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घर भरून गेलं. दोन दिवस आधीपासून गाड्या येत होत्या. डोंगरात यंदा भावोजींचा मुलगा गेला. गुडघे दुखतात म्हणून आपण जात नाही, असं भावोजींनी सांगितलं होतं आणि वस्तूंची यादी त्याच्या हातात दिली होती. यादी माझ्या अक्षरात होती. कोणी विचारलं नाही.

जेवणं आटपली आणि भावोजी स्टुलावर चढले. खाली मुलगा. सतरंजीवर पोरं, दाराशी बायका वाती वळत बसलेल्या, भिंतीला टेकून माझा नवरा आणि त्याचे चुलतभाऊ. मी खांबाशी उभी होते, परीक्षेला मूल पाठवून फाटकाशी उभ्या राहिलेल्या आयांसारखी. नारळ बसला. तवसं बसलं. सुपारीचा घड, शेरवड, हरणाची फुलं. हात झरझर चालत होते, केवणीच्या दोराला गाठ मारत होते. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. तीन कोपरे झाले. स्टूल सरकवलं, पंखा बाजूला घेतला, आणि ते चौथ्या कोपऱ्याखाली उभे राहिले.

हात वर गेला आणि तिथंच थांबला.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मुलगा म्हणाला, “बाबा, काय व्हया?”

भावोजी वरच बघत होते. मुलानं तेरडा पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. कवंडळ पुढे केलं, तेही घेतलं नाही. गप्पा हळूहळू थांबल्या. सगळं घर त्यांच्याकडे बघायला लागलं. मला दिसत होतं की त्यांची मान लालसर होत चाललीय. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर सगळ्यांना सगळं कळलं असतं.

“थांबा जरा,” मी म्हटलं. माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला. “त्या कोपऱ्याचां माझ्यामुळे अडलां. भावोजींनी माका दर वर्सा माटवेचे फोटो काढूक सांगल्यानी. मी काढलंय, नि मगे पुसून टाकलंय. बारा वर्सांचे. तेच्यावरसून हो कोपरो बघूचो होतो.” मग त्यांच्याकडे बघून म्हटलं, “भावोजी, कंप्युटर बिघाडलो नव्हतो. मी माझ्या हातान पुसलंय. तेच्यात माणूस नव्हतो म्हणान.”

सगळेच एकदम बोलायला लागले. “काकी, बारा वर्सांचे?” भावोजींचा मुलगा डोळे मोठे करून म्हणाला. टकले भावोजी म्हणाले, “मास्तरणीन आमका सगळ्यांका पास केल्यान नि माटवेक नापास!” आणि हशा पिकला. माझ्या एक चुलत जाऊबाई दारातून म्हणाल्या, “एवढी शिकलेली गो तू.” मला लागलं, पण मला ते हवंच होतं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती. स्टुलाकडे कोणी बघत नव्हतं.

“गप रवा,” भावोजी वरून म्हणाले.

सगळी तोंडं पुन्हा स्टुलाकडे वळली.

“तिणां पुसल्यान तां खरां. तिचां मी नंतर बघतंय. पण फोटो व्हये कोणाक होते? माका. ह्या कोपऱ्यात काय बांधतत तां माका आठवणा नाय.” त्यांनी वर गेलेला हात खाली घेतला. “गेल्या वर्साक पण आठवलां नव्हतां. हाताक गावलां तां बांधलंय. पाच दिवस तुमी सगळे हेच्या खाली उभे रवून आरत्यो म्हटलास. एकान पण वयर बघूक नाय.”

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी दारात येऊन फोटोचं विचारलं नव्हतं, हे मला आता आठवलं. मी सवयीनं काढले होते. चारही कोपऱ्यांचे, खाली बसून, मान मागे टाकून. म्हणजे तो चुकलेला कोपरा मी कॅमेऱ्यातून नीट बघितला होता, रविवारी पडद्यावर पुन्हा बघितला होता, आणि पुसला होता. मला काहीही वेगळं दिसलं नव्हतं. फोटो पुसले ही माझी चूक मी आत्ताच सगळ्यांसमोर कबूल केली होती आणि मोकळी झाले होते. ही दुसरी चूक पुसण्याच्या आधीची होती.

मुलगा हातातला तेरडा तसाच धरून उभा होता. “मगे आता काय बांधूया, बाबा?” त्यानं हळू विचारलं.

“काय व्हया तां बांधा,” भावोजी म्हणाले. “पण बघून बांधा.”

मग पहिल्यांदाच सगळ्या घरानं माना वर केल्या. पोरंसुद्धा. कोणी म्हणालं तेरडाच होता, कोणी म्हणालं नाही, तिथं लाल काहीतरी असायचं. जाऊबाई वाती खाली ठेवून उठून आल्या. मुलगा दुसरं स्टूल आणायला धावला.

भावोजी उतरायला लागले. एका बाजूनं माझ्या नवऱ्यानं हात पुढे केला होता, दुसऱ्या बाजूनं टकल्या भावोजींनी. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीला हात लावत नाही. तिच्या हातात वस्तूसुद्धा देत नाही. खाली ठेवतो आणि ती उचलते. सव्वीस वर्षं आमचं असंच चाललं होतं. भावोजींनी दोघांचे हात तसेच राहू दिले आणि खांबाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे हात केला. मी पुढे झाले आणि तो धरला. हात रानातल्या चिकानं चिकट झाला होता. “सावकाश,” मी म्हटलं. ते खाली उतरले, आणि जमिनीवर दोन्ही पाय नीट टेकल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ सोडला नाही.